ब्रेकचा कर्कशपणा हा नवेपणाचा धर्म नव्हे

डोंगरवाटांसाठी बनविलेली नवी सायकल घेऊन आठवडा लोटला नाही तोच, ब्रेक दाबताक्षणी उठणाऱ्या किंकाळीची आणि हँडलातून मनगटापर्यंत पोचणाऱ्या थरथराटाची तक्रार घेऊन एखादा गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढला, तर त्याला जे उत्तर मिळते ते इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठरीव शब्दांत मिळते की त्याला आता या व्यवसायातील शिरस्त्याचेच स्वरूप प्राप्त झाले आहे. गाडी नवी आहे, डिस्क ब्रेक नवेपणी ओरडतातच, महिनाभर चालवा म्हणजे आपोआप बसतील, असे ते उत्तर. ते देणारे सारेच लबाड असतात असे माझे म्हणणे नाही; त्यांच्यापैकी कित्येकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो, अनुभवी सायकलस्वारही नवख्याला तेच सांगून धीर देतात, आणि एका चुकीच्या समजुतीला प्रामाणिक माणसांचा असा आधार मिळाला म्हणजे ती खोडून काढण्याचे काम अधिकच निकडीचे होते.

या उत्तरात तीन विधाने एकत्र गुंफलेली आहेत. आवाजाचे कारण नवेपणा हे पहिले. काळ गेला की तो जातो हे दुसरे. आणि तो जाईपर्यंत गाडी चालविण्यात काही अपाय नाही हे तिसरे. यांपैकी पहिल्यात सत्याचा एक अंश आहे आणि त्याचा विचार मी पुढे करणारच आहे. दुसरे विधान त्या अंशाचा विपर्यास करते. आणि तिसरे तर घाट उतरणाऱ्या माणसाच्या जिवाशी निगडित असल्यामुळे त्याच्याबाबतीत कोणतीही भीडमुर्वत बाळगणे मला इष्ट वाटत नाही.

प्रथम आवाज होतो कशाने, हे पाहू. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासू लागण्यापूर्वी त्यांना हलविण्यास जो जोर लागतो तो, ते हलू लागल्यानंतर लागणाऱ्या जोरापेक्षा सामान्यतः अधिक असतो, ही गोष्ट फ्रेंच अभियंता कुलॉम याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच प्रयोगांनी तपासून मांडली होती. आणि या फरकामुळे पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, मग सुटून घसरतात, पुन्हा चिकटतात, अशी एक अतिजलद मालिका सुरू होते, हे केंब्रिज येथील बाउडन आणि लेबेन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सविस्तर दाखविले. राळ लावलेला गज सारंगीच्या तारेवरून फिरताना जो स्वर निघतो तो याच चिकटण्या-सुटण्यातून निघतो. ब्रेकमध्ये तारेच्या जागी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची पोलादी चकती, म्हणजे रोटर, असतो; गजाच्या जागी तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड असतात; आणि रोटर, पॅडना धरणारा कॅलिपर, पुढचा चिमटा, सांगाडा व आरे हे सारे मिळून त्या कंपनाला दाद देतात. रोटर आणि पॅड यांचे कंपन जलद असले तर कानठळ्या बसविणारी किंकाळी उठते. मागचा सांगाडा संथ गतीने त्यात सामील झाला तर खोल घुमणारा आवाज येतो व आसनाखाली थरथर जाणवते. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते ती अशी, की आवाजासाठी दोन्ही बाजूंचा सहभाग लागतो: घर्षणात काही अस्थिरता असावी लागते आणि ती अस्थिरता उचलून धरणारा एखादा सैल, वाकडा अथवा फार लवचीक भाग असावा लागतो. या दोहोंपैकी एकाचाही वयाशी संबंध नाही. रोटर जुना झाला म्हणून सैल बोल्ट घट्ट होत नाही, आणि महिना लोटला म्हणून वाकडा बसविलेला कॅलिपर सरळ होत नाही.

डिस्क ब्रेकचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली या ब्रेकचे पेटंट घेतले तेव्हा त्याने चकतीला चिमटणारे भाग तांब्याचे केले होते, आणि धातू धातूवर घासल्यामुळे उठणारा कर्कश आवाज हा त्याच्या गाड्यांचा मोठाच दोष होऊन बसला. त्या दोषावर उपाय निघाला तो हर्बर्ट फ्रूड याने घर्षणपृष्ठाचा पदार्थच बदलून अस्बेस्टॉसयुक्त अस्तर वापरल्यामुळे. आज अनेक देशांत अस्बेस्टॉसचा त्याग त्याच्या आरोग्यघातकतेमुळे केला गेला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या पिढीजवळ ना सूक्ष्म मोजमापांची साधने होती ना आजच्यासारखी रासायनिक द्रव्ये, तिनेसुद्धा आवाजाचे कारण शोधून ते दूर केले, हा दाखला आपल्या डोळ्यांपुढे असावयास हवा.

आता त्या सत्यांशाकडे वळतो, कारण प्रतिपक्षाची सारी इमारत त्याच्यावर उभी आहे. नवे पॅड आणि नवा रोटर एकमेकांशी जुळण्यासाठी काही प्राथमिक संस्काराची आवश्यकता असते, हे अगदी खरे आहे. पॅडच्या पदार्थाचा एक अतिशय पातळ आणि समान थर तापलेल्या रोटरवर चढावा लागतो. तो चढला म्हणजे पुढे पॅड पोलादावर घासण्याऐवजी स्वतःच्याच जातीच्या पदार्थावर घासतो, आणि पकड वाढून घर्षण स्थिर होते. पण हा थर कसा चढतो? तो नियमाने केलेल्या क्रियेतून चढतो. मोकळ्या, सपाट रस्त्यावर सायकल मध्यम वेगाला आणावी, एकच ब्रेक सावकाश वाढत्या दाबाने लावून वेग चालण्याच्या गतीपर्यंत खाली आणावा, चाक पूर्ण थांबू देऊ नये, आणि हे सुमारे वीस वेळा करून नंतर अधिक वेगावरून आणखी दहा वेळा करावे. मग रोटर थंड होऊ द्यावा आणि दुसऱ्या ब्रेकला तेच करावे. ब्रेक बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत थोड्याफार फरकाने हीच पद्धत सांगितलेली असते. सारे मिळून तासाभराचेही काम नाही.

चाक पूर्ण थांबू देऊ नये, हे कलम अनेकांना किरकोळ वाटते. वस्तुतः साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. तापलेला पॅड थांबलेल्या रोटरवर दाबून धरला तर तेवढ्याच जागी पदार्थाचा जाड ठसा उमटतो, आणि तो ठसा पुढे दर फेऱ्यात कॅलिपरखालून जाताना ब्रेकची पकड क्षणभर बदलतो. हाच तो हिसका, जो लीव्हरवरच्या बोटांना ठेक्यात जाणवतो. उलटपक्षी, गाडी नवी आहे म्हणून जपून, हलक्या हाताने, ब्रेक नुसते घासत ठेवून महिनाभर चालविली तर पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि काचेसारखा चकचकीत होऊन बसतो, त्यातून समान थर कधीच चढत नाही, आणि आवाज वाढत जातो. म्हणजे ‘चालवा, आपोआप बसेल’ या सल्ल्याने बिघाड दूर होण्याऐवजी पक्का होतो. ज्या क्रियेला विधी आहे आणि क्रम आहे, तिला ‘आपोआप’ हा शब्द लावणे हीच या सल्ल्यातील मूळ चूक आहे. आणि ती क्रिया गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्यापूर्वी दुकानदाराने करावी, निदान ती कशी करावी हे त्याला समजावून सांगावे, एवढी साधी अपेक्षाही पुरी होत नसेल तर महिन्याची मुदत मागण्याचा अधिकार त्याला कोठून प्राप्त झाला?

दुसरे कारण तेलाचे आहे, आणि नव्या गाडीच्या बाबतीत ते फार वेळा आढळते. खोक्यातून निघालेल्या गाडीच्या पोलादी भागांवर गंजरोधक द्रव्याचा पुसट लेप असू शकतो. ती जोडताना कारागिराची चैनच्या वंगणाने माखलेली बोटे रोटरला लागतात. आणि गिऱ्हाईक घ्यायला येणार म्हणून सांगाड्यावर सिलिकोनचा चमकदार फवारा मारला जातो, त्याचे तुषार थेट मागच्या रोटरवर जाऊन बसतात. रेझिनचे पॅड सच्छिद्र असल्यामुळे ते हे तेल शोषून घेतात, आणि मग ब्रेक एकाच वेळी ओरडतो आणि धरतही नाही. आवाजाबरोबर पकड कमी झाली असेल तर तेलाचा संशय सर्वांत आधी घ्यावा. यावर काही ठिकाणी जो उपाय केला जातो, म्हणजे ‘आवाज येतो ना, मग दोन थेंब तेल सोडा’, तो ऐकून मला भय वाटते; चैनला जे औषध आहे ते ब्रेकला विष आहे, आणि असा तेल सोडलेला ब्रेक घेऊन कोणी उतारावर गेला तर त्याचा आवाज खरोखरच बंद होईल, पण गाडी थांबणार नाही. पॅड गॅसच्या ज्योतीवर भाजून तेल उडविण्याची युक्तीही बरीच प्रचलित आहे. वरचे तेल त्याने जळते, खोल मुरलेले राहते, पदार्थाला बांधून ठेवणारी राळ दुर्बल होते, आणि निघणारा धूर श्वासावाटे घेण्याजोगा नसतो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावा. पॅडवर डाग वरवरचा असेल तर सपाट जागेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश कागदावर तो हलकेच घासावा. आणि तेल मुरले असेल तर पॅड बदलावेत. नवे पॅड घालूनही थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा रुजू झाली, तर हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या, कॅलिपरच्या पिस्टनभोवतीच्या रबरी कड्यातून तेल पाझरते आहे काय, याचा तपास करावा लागतो. तसे असेल तर तो कारखान्याचा दोष होय. स्वाराच्या कोणत्याही सवयीने तो उत्पन्न होत नाही.

थरथराटाविषयी मात्र एक वेगळीच समजूत रूढ आहे. थरथर जाणवली की ‘डिस्क वाकली’ असा फैसला तात्काळ सुनावला जातो, आणि पाना घेऊन रोटर इकडेतिकडे वाकविण्यास प्रारंभ होतो. रोटर वाकतो हे खरे. वाहतुकीत धक्का बसला तर नवाही वाकतो. परंतु वाकलेल्या रोटरचे मुख्य लक्षण थरथर हे नाही. तो ब्रेक न लावताही, चाक मोकळे फिरविले असता, दर फेऱ्याला एकदा पॅडला लागून किणकिणतो. हायड्रॉलिक ब्रेक थोडासा बाक सहज सांभाळून घेतो. ब्रेक लावल्यावरच आणि ठेक्यात येणारा हिसका हा बहुधा रोटरवरील असमान थराचा किंवा असमान जाडीचा असतो, आणि सतत राहणारी थरथर ही कोठल्यातरी सैल सांध्याची असते. हे तीन प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखण्यास कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. चाक उचलून फिरवावे, कान द्यावा, मग संथ वेगात एकेक ब्रेक स्वतंत्रपणे लावून पाहावा. इतक्या साध्या परीक्षेचीही तसदी न घेता चांगला रोटर वाकविण्यात काय हशील?

सैल सांध्यांची तपासणी तर प्रथमच व्हावयास हवी, कारण तिला खर्च शून्य आहे. चाकाचा आस पुरता आवळलेला आहे काय. पुढचा ब्रेक दाबून धरून गाडी मागेपुढे हलविली असता हँडलाच्या खालच्या सांध्यात खडखड येते काय. हबमध्ये चाक बाजूला डुलते काय. आरे एकसारखे ताणलेले आहेत काय. रोटर हबला धरणारे सहा बोल्ट आणि कॅलिपरचे दोन बोल्ट ठरवून दिलेल्या ताकदीने आवळले आहेत काय. ही ताकद अंदाजाने ठरवायची नसते. शिमानो ही कंपनी रोटरच्या बोल्टांना २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते तर स्रॅम ही कंपनी ६.२, म्हणजे एका पुस्तिकेवरून दुसऱ्या ब्रेकचा निकाल देता येत नाही, आणि टॉर्क पाना नसलेल्या दुकानाने डिस्क ब्रेकची गाडी जोडणे हेच मुळी धाडसाचे आहे.

या साऱ्यांतून पार पडूनही आवाज उरतो तेव्हा संशय जेथे जावयास हवा तेथे तो क्वचितच जातो. कॅलिपर ज्या दोन बैठकींवर बसतो त्या सांगाड्यावरच्या बैठकींच्या तोंडावर रंगाचा थर राहिलेला असतो, किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने त्या किंचित तिरप्या झालेल्या असतात. मग कॅलिपरचे बोल्ट ढिले करून, लीव्हर दाबून धरून, पुन्हा आवळण्याची जी सर्वमान्य रीत आहे तिने कॅलिपर क्षणभर मधोमध येतो खरा, पण शेवटच्या आवळणीत बैठक त्याला पुन्हा आपल्या तिरपेपणाकडे ओढून नेते. पॅड रोटरवर समांतर न बसता एका कडेने टेकतो, ती कड चिकटते व सुटते, आणि किंकाळी उठते. यावर इलाज एकच आहे: कॅलिपर रोटरशी समांतर बसेल अशा रीतीने त्या बैठकी खास कटरने सपाट छिलून घेणे. हे काम रस्त्यावर होत नाही, गिऱ्हाइकाच्या घरी होत नाही, आणि हजार किलोमीटर चालवून तर मुळीच होत नाही. ज्या दोषाचे निराकरण फक्त कारखाना किंवा सुसज्ज कार्यशाळा करू शकते, तो दोष ‘नवेपणा’ या नावाखाली खरेदीदाराच्या माथी मारला जातो, ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

स्वस्त गाड्यांवरील तारेच्या डिस्क ब्रेकची कैफियत आणखी निराळी आहे. त्यांतील बहुतेकांत एकाच बाजूचा पॅड हलतो आणि तो रोटरला लववून पलीकडच्या स्थिर पॅडवर नेऊन टेकवितो. स्थिर पॅड रोटरच्या अगदी निकट, केवळ न लागेल इतक्या अंतरावर ठेवला नसेल, तर दर वेळी रोटर वाकून काम करतो आणि आवाजाला आमंत्रण मिळते. आतल्या बाजूच्या स्क्रूने हे अंतर काही क्षणांत जुळविता येते, पण तो स्क्रू तेथे आहे हेच पुष्कळ खरेदीदारांना कोणी सांगितलेले नसते.

या गोंधळाला कंटाळून काही जाणती मंडळी दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, डिस्क ब्रेक हेच खूळ आहे, चाकाच्या रिमला धरणारे रबरी ब्रेक काय वाईट होते? त्यांच्या म्हणण्यातील स्वस्ताई, सुलभता आणि गावोगावी मिळणारे सुटे भाग हे गुण मला मान्य आहेत, आणि सपाट शहरी रस्त्यावर ते ब्रेक आजही पुरेसे आहेत. पण डोंगरी सायकलीचा जन्मच ब्रेकच्या अपुरेपणाशी झगडत झाला, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात फेअरफॅक्स गावाजवळच्या ज्या उतारावर ऑक्टोबर १९७६ मध्ये या खेळाची पहिली नावाजलेली शर्यत झाली, त्या उतारावर जुन्या सायकलींच्या मागच्या हबमधील ब्रेक इतके तापत की त्यांतले ग्रीस जळून धुरासारखे उडून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. गाडी आणि स्वार मिळून नव्वद किलोंचे वजन सहाशे मीटर उंची उतरले तर सुमारे ५ लाख ३० हजार ज्यूल इतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. हवेच्या विरोधाचा वाटा वजा केल्यावरही उरणारी उष्णता मोठी असते, आणि रिम ब्रेकमध्ये ती ज्या कडेवर टायर बसलेला असतो तिलाच तापविते. सह्याद्रीत तर पावसाळ्याचे चार महिने जांभ्याची तांबडी, कणीदार माती रिमवर चढते आणि रबराबरोबर रिमही झिजवून टाकते. आणि चाक जरा आउट झाले की रिम ब्रेक घासू लागतो. तेव्हा डिस्क ब्रेक सदोष बसविला जातो म्हणून तो टाकून द्यावा, हा निष्कर्ष निघत नाही. तो नीट बसविण्याची मागणी करावी, एवढाच निघतो.

काही आवाज निर्दोष असतात हे मी नाकारीत नाही. ओल्या रोटरवर पहिले दोन-चार ब्रेक किंचाळतात आणि पाणी उडाले की शांत होतात. धातूमिश्रित पॅड रेझिनच्या पॅडपेक्षा स्वभावतःच बोलके असतात, विशेषतः थंड असताना. मात्र येथेही सावधगिरी हवी, कारण काही रोटरांवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असते, आणि त्यांच्यावर धातूमिश्रित पॅड घातले तर मऊ पोलाद झपाट्याने झिजते. शिमानोच्या १.८ मिलिमीटरच्या रोटरला १.५ मिलिमीटर ही अखेरची मर्यादा आहे. दोहोंतील अंतर इतके थोडे आहे की चुकीचे पॅड घालून महिनोन्‌महिने वाट पाहणे परवडत नाही.

आणि वाट पाहण्यात आणखी एक हानी आहे, जिचा उच्चार दुकानात कधी होत नाही. सैल बोल्टाचा ब्रेक जो सतत थरथरतो, तो आपल्याच थरथरीने बोल्ट अधिक सैल करीत जातो. तेल मुरलेला ब्रेक पहिल्या लांब उतारावरच दगा देतो. आणि दरम्यान वॉरंटीची मुदत सरत जाते, इतकी की शेवटी दोष कबूल झाला तरी तो ‘वापरामुळे’ झाला असे म्हणण्यास जागा मिळते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने दोषाची जी व्याख्या केली आहे तीत वस्तूच्या गुणवत्तेतील आणि दर्जातील उणिवेचा स्पष्ट समावेश आहे, आणि सेवेतील कसुरीची दादही त्याच कायद्याने मागता येते. गाडी जोडून देणे ही सेवाच आहे. म्हणून खरेदीदाराने पहिल्या आठवड्यातच आपली तक्रार लेखी द्यावी, तीत आवाज कोणत्या चाकाचा, कोरड्यात की ओल्यात, ठेक्यात की सतत, पकड कमी झाली की नाही, हे स्पष्ट नमूद करावे, तिची पोच घ्यावी. आणि पॅड व रोटर तपासले काय, बोल्ट कोणत्या मापाने आवळले, बैठकी सपाट केल्या काय, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच कागदावर मागावीत. बैठकी छिलण्याचे कटर दुकानात नसेल तर गाडी ते ज्या कार्यशाळेत आहे तेथे विक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने पाठवावी, आणि ती परत येईपर्यंतचे दिवस वॉरंटीच्या मुदतीत वाढवून द्यावेत.